एका वेळी एकच काम

आके, म्हणजे माझे वडील, गेले त्याच्या बाराव्या दिवशी त्यांच्या नावाने एक ईमेल आलं.

त्यांचा लॅपटॉप तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडाच असायचा. कुणाकुणाला कळवायचं राहिलंय ते बघण्यासाठी मी त्यांचा पत्रव्यवहार चाळत होते. पेन्शन कार्यालय, जर्दाळूची कलमं विकणारा एक माणूस, नारीन गावचा एक जुना विद्यार्थी. त्यांत हे एक पत्र जॉर्जियातल्या त्बिलिसीहून आलेलं. लिहिणाऱ्याचं नाव मालखाज.

पत्र लांब होतं, पण मुद्दा सरळ होता. तो एका ध्वनिसंग्रहात काम करत होता. डोंगरी गावांतल्या लोकगीतांच्या फिती त्यांनी वीस वर्षांपूर्वी संगणकात उतरवून चौदा डिस्कवर ठेवल्या. मूळ फिती पुढे तळघरात पाणी शिरून गेल्या. आता त्या डिस्क म्हाताऱ्या झाल्या होत्या, कोणती कधी बंद पडेल याचा नेम नव्हता. संगणकातल्या ज्या कार्डाने त्या लिहिल्या होत्या त्या कार्डाची लिहिण्याची पद्धत त्याची स्वतःची, दुसऱ्या कुठल्या कार्डाला ती वाचता येत नाही. आणि कर्नलमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ प्रोग्रॅममध्ये, त्या कार्डासाठी एक ओळ आहे, तिच्यामुळे एक डिस्क उतरवून घ्यायला नऊ दिवस लागतात.

“ती ओळ काढून मी रिकाम्या डिस्कवर चाचणी घेतली,” त्याने लिहिलं होतं. “दीड दिवसात काम झालं. चूक दिसली नाही. पण तुम्ही लिहिलंय की हे कार्ड एकाचं उत्तर दुसऱ्याला देतं. तसं झालं तर एका बाईचं गाणं दुसरीच्या नावाखाली जाईल आणि कुणाला कळणारही नाही, कारण आवाज ओळखणारी माणसं आता उरलेली नाहीत. म्हणून तुम्हालाच विचारतो. ही ओळ खरी आहे का?”

ती ओळ आकेंची होती.

हे काम मीही करते, म्हणून मला त्यात विशेष वाटत नाही, पण बाहेरच्याला थोडं सांगायला हवं. कार्ड बनवणारे पुस्तकात एक लिहितात आणि कार्ड वागतं वेगळंच. एखादं झोपवलं की उठत नाही. एखादं काम झालं म्हणून सांगतं आणि ते झालेलं नसतं. तोवर ती कार्डं जगभर विकली गेलेली असतात, कोण परत घेणार? मग ती चालवणारा जो ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम असतो, त्याच्या सुरुवातीला आम्ही खोडींची एक यादी ठेवतो. अमुक कार्ड दिसलं तर जरा थांब. तमुकला हा प्रश्न विचारूच नको. ज्याला खोड भोवली तो माणूस ती यादीत लिहितो, बाकीचे विश्वास ठेवतात. ते कार्ड दुसऱ्या कुणाकडे नसतंच बहुतेक, त्यामुळे पडताळा घेणारंही कुणी नसतं. एकदा लिहिलेली ओळ वर्षानुवर्षं राहते.

आके भूकंपाच्या नोंदी ठेवणाऱ्या एका केंद्रात होते. २००३च्या हिवाळ्यात तिथल्या नोंदी एकमेकींत मिसळायला लागल्या, सकाळचा धक्का दुपारच्या पानावर. तीन आठवडे शोध घेऊन त्यांनी ठरवलं की दोष कार्डाचा. कार्डाला एकदम बत्तीस कामं देता येतात असं पुस्तकात होतं. आकेंनी यादीत ओळ घातली आणि वर दोन ओळींची टीप: या कार्डाला एका वेळी एकच काम द्यावं. दोन दिली तर एकाचं उत्तर दुसऱ्याला देतं. खाली नाव, गाव. इशेनाली तोक्तोरोव, बिश्केक.

तेव्हा मी बारा वर्षांची होते. त्यांनी ती टीप आम्हाला किर्गिझमध्ये करून वाचून दाखवली, तेव्हा आपा, माझी आई, चहा ओतत होती. ती शाळेत रसायनशास्त्र शिकवायची आणि कुणालाही सहजासहजी पास करायची नाही.

“हे कार्डाबद्दल लिहिलंय की तुमच्याबद्दल?” ती म्हणाली. “काल ब्रेड आणि साखर आणायला सांगितली तर साबण घेऊन आलात.”

“दोन कामं दिलीस ना एकदम,” आके म्हणाले.

पुढची वीस वर्षं हेच आमच्या घरात चाललं. पाहुणे आले की आपा त्यांना सांगायची, यांना एका वेळी एकच काम सांगा, तसं लेखी आहे, सगळ्या जगात छापलंय. ती चिडवायची, पण सांगितल्याशिवाय राहायची नाही.

मी मालखाजला कळवलं की आके गेले, मी त्यांची मुलगी, याच कामातली आहे, बघून सांगते, तोवर ओळ काढू नका. त्याने दोन ओळींत सांत्वन केलं आणि लिहिलं, बरं, तोवर सावकाश चालू ठेवतो.

ते जुनं यंत्र केंद्राने मोडीत काढलं तेव्हा आकेंनी घरी आणून ठेवलं होतं. बंद बाल्कनीत, लोणच्याच्या बरण्यांमागे. मी ते पुसून सुरू केलं, कर्नलच्या माझ्या प्रतीतून आकेंची ओळ काढली आणि कार्डाला एकदम बत्तीस कामं दिली. वाट बघत बसले. कार्डाने चुकावं असं मला वाटत होतं. एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. मी भार वाढवला. बाल्कनीची खिडकी उघडी टाकून गारठवलं, मग शेजारी हीटर लावून तापवलं. एकही उत्तर इकडचं तिकडे झालं नाही.

“काय ते घुंई घुंई?” आपा म्हणाली. “बरण्या हलतायत.”

“आकेंचं कार्ड तपासतेय.”

“ते असताना तपासायचंस.”

ती सहज बोलली.

सव्विसाव्या दिवशी गेन्नादी अर्कादिएविच आले. आकेंबरोबर त्यांनी एकाच खोलीत एकोणीस वर्षं काढली होती. घरातल्या प्रत्येक बाईला ते फुलं आणत, आणि दारातच सांगत की ती स्वस्तातली आहेत. आपाने त्यांच्यापुढे बोर्सोक, तळलेल्या पिठाचे तुकडे, आणि जाम ठेवला. मग ती शेजारणीकडे गेली, चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाचं विचारायला.

बाल्कनीतला आवाज ऐकून ते उठून बघायला गेले आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले.

“पट्टी कुठाय?” त्यांनी विचारलं.

“कसली पट्टी?”

“अगं, हे कार्ड उभं आणि आमची संगणकाची पेटी बुटकी. झाकण लागेना. मग इशेनने मधे घालायला एक पट्टी बनवली, चपट्या तारेची, एवढीशी. कार्ड आडवं निजायचं तिच्यावर. सोल्डरचे डाग स्वतः दिले त्याने. माझ्या चष्म्यातून बघत, त्याचा सापडत नव्हता म्हणून.” ते हसले. “नंतर माझा चष्मा त्याच्याच खिशात गेला तो सहा महिने.”

मी वळून कार्डाकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसू आवरतं घेतलं.

“पट्टीशिवाय किती दिवस चाललंय?” ते म्हणाले.

“अकरा.”

“चूक?”

“नाही.”

ते परत येऊन खुर्चीत बसले. बोर्सोकचा तुकडा हातात घेतला आणि तसाच ठेवला.

“तुला माहीत असेल असं मला वाटायचं,” ते म्हणाले. “तू हेच काम करतेस. कधीतरी त्याने सांगितलं असेल.”

“काय सांगितलं असेल, गेन्नादी अर्कादिएविच?”

“दोन हजार नऊमध्ये आम्हाला उंच पेटी मिळाली. कार्ड थेट बसवलं. इशेन म्हणाला, बघू या तरी एकदा, ओळ काढून. तो असा होता, तुला ठाऊक आहे. झाडूनपुसून सगळं. दोन दिवसांनी माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला आणि म्हणाला, गेना, कार्ड निर्दोष आहे, मी बनवलेल्या पट्टीत खोट होती. भार पडला की घोटाळा करायची. एकेक काम दिलं की ठीक.”

“मग?”

“मग पत्र लिहिलं त्याने. ओळ काढा म्हणून. इंग्रजी मी नीट करून दिलं, माझं त्याच्याहून बरं नव्हतं ते सोड. तो म्हणाला घरी जाऊन पाठवतो.” ते थांबले. “दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाला, आत्ता नको.”

“का?”

“ते तू मला विचारू नकोस, बेगिमाय.”

मी पुन्हा विचारलं. त्यांनी खिडकीबाहेर बघत सांगितलं. “तुला त्या दिवशी जर्मनीच्या शिबिराचं पत्र आलं होतं. तू अर्जात लिहिलं होतंस म्हणे, माझ्या वडिलांची एक ओळ कर्नलमध्ये आहे, तिच्यामुळे मी या वाटेला आले. तो मला म्हणाला, पोरगी जाऊन येऊ दे. मग तू गेलीस, तिथेच शिकायला राहिलीस. मग मीही विचारायचं सोडलं. ती कार्डं तेव्हाच जुनी झाली होती. कुणाचं अडतंय, असं वाटलं.”

ते गेल्यावर मी वह्या काढल्या. २००९ची वही निळी होती. शरद ऋतूतली तारीख, आणि आकेंचं बारीक, सरळ अक्षर. पट्टीशिवाय, बत्तीस कामं, अडतीस तास: चूक नाही. पट्टीसह: अकराव्या मिनिटाला पहिली चूक. पुन्हा पट्टीशिवाय: चूक नाही. पुन्हा पट्टीसह: नवव्या मिनिटाला. आणि खाली रेघ ओढून, कार्डाचा दोष नाही.

पत्रही सापडलं. न पाठवलेल्या पत्रांत ते एकटंच होतं. सहा वाक्यांचं, चांगलं पत्र होतं. शेवटच्या वाक्यात त्यांनी झालेल्या त्रासाबद्दल क्षमा मागितली होती.

तो अर्ज मला आठवत होता. त्या शिबिरात पहिल्या दिवशी सगळ्यांनी आपली ओळख करून द्यायची होती, तेव्हाही मी तेच सांगितलं होतं. नंतर नोकरीच्या मुलाखतीत सांगितलं. बर्लिनमध्ये एका माणसाशी लग्न करायचं घाटत होतं, त्यालाही पहिल्या भेटीत तेच. दर वेळी घरी फोन करून मी आकेंना सांगायचे की तुमच्या ओळीबद्दल विचारत होते. ते म्हणायचे, बरं, बरं. आणि फोन आपाकडे द्यायचे. मला वाटायचं, लाजतात.

मालखाजला उत्तर द्यायला दहा मिनिटं लागली असती. ओळ खोटी आहे, काढून टाका, एवढंच लिहायचं होतं.

मी लिहिलं नाही. चाळिसावा चौदा दिवसांवर आला होता. गावाहून, इस्सिक-कूलहून, सगळे नातेवाईक येणार होते. मी मनाशी म्हटलं की तो दिवस नीट पार पडू दे, त्या दिवसापर्यंत तरी आके जसे सगळ्यांना माहीत आहेत तसे राहू देत. चौदा दिवसांनी असं काय होणार आहे. मालखाजचं काम सावकाश का होईना चालू आहे. असं मी रोज म्हणत होते.

चाळिसाव्याला एकशेवीस माणसं आली. घोडा कापला, अंगणातल्या काझानमध्ये, मोठ्या कढईत, मांस शिजत होतं, शेजारच्या बायका सकाळपासून पीठ लाटत होत्या. मौलवींनी कुराण वाचलं. मग आकेंचे धाकटे भाऊ, तालाय आबा, बोलायला उभे राहिले. ते गावी मेंढ्या राखतात, आणि बोलायला लागले की थांबत नाहीत.

“आमच्या घराण्यात कुणी मोठा मुलूख पाहिला नाही,” ते म्हणाले. “पण माझ्या भावाचं नाव जिथे जिथे यंत्र आहे तिथे तिथे लिहिलेलं आहे. अमेरिकेत आहे, चीनमध्ये आहे. लोक दगडावर नाव कोरतात, ते झिजतं. हे झिजणार नाही. काय गं, बेगिमाय, बरोबर ना?”

सगळे माझ्याकडे बघत होते. गेन्नादी अर्कादिएविच आपल्या वाटीत बघत होते.

“बरोबर आहे, आबा,” मी म्हणाले.

पाहुणे गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आपा आणि मी भांडी मोजून शेजाऱ्यांची परत करत होतो. हातात थाळ्यांची चळत असतानाच मी तिला सगळं सांगितलं. पट्टीचं, वहीचं, न पाठवलेल्या पत्राचं. मालखाजच्या डिस्कचं. ती हातातल्या थाळ्या खाली ठेवून स्टुलावर बसली.

“मला त्यांनी सांगितलं नाही,” ती म्हणाली. “मी वीस वर्षं सगळ्यांना तेच सांगत होते. आणि हे समोर बसून ऐकून घेत होते.”

“मीही तेच करत होते, आपा.”

“तू पोर होतीस. मी तरी एकदा विचारायला हवं होतं की दुसऱ्या कार्डावर करून बघितलंत का. वर्गात मुलांना हेच शिकवलं जन्मभर.” तिने हाताच्या मागच्या बाजूने नाक पुसलं, पिठाचा हात असल्यासारखं. “तो माणूस काय मागतोय?”

“ओळ खरी की खोटी, एवढंच.”

“जनाज्याच्या वेळी तू आत बायकांत होतीस. बाहेर तालायने काय सांगितलं, ऐकलंस? सगळ्यांच्याच जनाज्यात जवळचं कुणी ना कुणी असं सांगतं. माझ्या भावाकडून कुणाचं काही देणं राहिलं असेल तर त्याने माझ्याकडे यावं. कुणी आलं नाही. सगळे म्हणाले, तो चांगला माणूस होता.” ती उठली आणि पुन्हा थाळ्या उचलायला लागली. “हा मालखाज आला आहे. लांबून आला म्हणून उशीर झाला. तालायला यातलं काय कळणार. तू दे त्याचं त्याला.”

“नाव जाईल, आपा. यादीतून जाईल.”

“मग जाऊ दे की, किझिम, माझ्या पोरी. ते नाव काय मांडीवर घेऊन बसायचंय?”

मी टेबलाशी बसले. आधी मालखाजला कळवलं, ओळ खोटी आहे, निर्धास्त काढा. मग दुरुस्ती लिहिली. आमच्यात नुसतं काढून चालत नाही, का काढलं ते वर लिहावं लागतं, आणि ज्या जुन्या नोंदीमुळे चूक शिरली तिचा उल्लेख करावा लागतो. मी लिहिलं की दोष कार्डात नव्हता. कार्ड आणि पेटी यांच्यामध्ये हाताने बनवलेली एक पट्टी होती, दोष तिच्यात होता. मूळ लेखकाने २००९मध्ये स्वतःच तपासून हे नोंदवलं होतं, ते कळवायचं राहून गेलं. ‘राहून गेलं’ हे दोन शब्द मी तीनदा काढले आणि तीनदा घातले. शेवटी ‘कळवलं नाही’ असं केलं. आपाने सगळं किर्गिझमध्ये करून वाचून घेतलं.

“पट्टी त्यांनी स्वतः बनवली हे लिहिलंस?”

“हाताने बनवलेली, एवढं लिहिलंय.”

“त्यांनी, असं लिही,” ती म्हणाली. “हात कुणाचा ते कळू दे.”

मी तसं केलं. खाली माझी सही केली. दुरुस्ती पाठवताना, ज्याची ओळ बदलतोय त्याला तिची एक प्रत आपोआप जाते, तशी आमच्याकडे रीतच आहे. पत्त्यांच्या रांगेत आकेंचा पत्ता आला. तो पुसता आला असता. मी पाठवून दिलं. थोड्या वेळाने टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्यांचा लॅपटॉप टुण्णकन वाजला.

“कुणाचं आलं?” आपाने ओट्यापाशी उभ्या उभ्या विचारलं.

“माझं.”

तिने मान हलवली आणि नळ सोडला.

मालखाजचं उत्तर सातव्या दिवशी आलं. त्याने त्याच संध्याकाळी ओळ काढली होती, तेव्हापासून चार डिस्क उतरवून झाल्या होत्या, बाकीच्या चालू होत्या. त्याने आभार मानले होते, पुन्हा पुन्हा. वडिलांची चूक अशी उघड सांगायला धैर्य लागतं, असं लिहिलं होतं. आणि मग शेवटी, जणू आठवलं म्हणून, लिहिलं होतं की मधल्या काळात दोन डिस्क गेल्या. एक तुमचं पत्र येण्याच्या तीन दिवस आधी, दुसरी त्याच्याही आठवडाभर आधी. त्याचं तुम्ही मनाला लावून घेऊ नका. एकीवर लोकर विंचरताना म्हणायची बायकांची गाणी होती. दुसरीवर काय होतं ते आता सांगता येत नाही, तिच्यावरची चिठ्ठी आधीच गळून पडली होती.

मी ते आपाला वाचून दाखवलं. ती टेबलावर वाटाणे सोलत होती.

“ती पट्टीची गोष्ट तुला गेन्नादीने कधी सांगितली?” तिने विचारलं.

“सव्विसाव्या दिवशी.”

तिचे हात थांबले. ती मनात दिवस मोजत होती, ते ओठांवरून दिसत होतं. मोजून झाल्यावर सोललेले वाटाणे तिने एका बाजूला सारले आणि आकेंची नेहमीची खुर्ची माझ्यासाठी पुढे ओढली.

“लिही त्याला,” ती म्हणाली.

मी बसले. पहिलं वाक्य साधं होतं, त्यात मला हे कळलं ती तारीख होती. ते लिहायला मला दुपार लागली.